नाटकात चालतं

"हात खाली धर. तांब्याला लागू नगं."

सखुबाई म्हणाली आणि कामावरच्या रांजणातनं भरलेल्या तांब्याची उंचावरून धार सोडली. निम्मं पाणी माझ्या ओंजळीत, निम्मं कोपरावरून मातीत. बहात्तरचा दुष्काळ. नेवाशाच्या रस्त्यावर सगळा गाव खडी फोडत होता. सखुबाई बारा एकरांची मालकीण, पण तिचंही रान करपलेलं. तिच्या तळहातांवर माझ्यासारखेच फोड. दुष्काळानं आम्हाला एका ओळीत बसवलं होतं. पाणी तेवढं वेगळं राहिलं, कारण मी महारवाड्यातली.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत नगरहून कॉलेजची पोरं डफ घेऊन आली. नाटक आमचंच होतं. तहानलेली बाई, रांजण, आणि तिला अडवणारा पाटील. बाईचं काम करणारी मुलगी तापानं पडली होती. कोणी उभं राहतं का, त्यांनी विचारलं. मी उठले. बोलायचं काहीच नव्हतं, शेवटी रांजणात तांब्या बुडवून प्यायचं एवढंच. खोटा रांजण त्यांच्याकडे नव्हता. मुकादम हसत म्हणाला, इथलाच घ्या.

मी तांब्या बुडवला. घटाघटा प्याले. जन्मात पहिल्यांदा माझ्या तहानेएवढं पाणी एका दमात पोटात गेलं. टाळ्या पडल्या. सखुबाईनं पदरानं डोळे पुसले. खरं सांगते, मला वाटलं, सुटलो आपण. इतकी मी खुळी.

पोरं एसटीनं गेली. सखुबाई उठली. दोघींना हाताशी घेऊन तिनं रांजण आडवा केला. दोन कोसांवरून बैलगाडीनं आणलेलं पाणी. सगळं मातीत गेलं.

मी म्हणाले, "आत्ता तर टाळ्या वाजवल्या तुमी."

"नाटकात चालतं गं," ती म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली. "हे प्यायचं पानी हाय."

ती माया मला शिवीपेक्षा जास्त लागली.

संध्याकाळपर्यंत सगळं काम कोरड्या घशानं चाललं. आमच्याच बायका माझ्यावर चिडल्या. आई म्हणाली, तुझ्यापायी लेकरं तहानेली राहिली. तिचं खोटं नव्हतं. डोळे पुसणाऱ्या माणसांना कधीतरी लाज वाटेल, ही आशा माझी त्या दिवशी मेली. पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी डफ नव्हता. बघायला कुणी गोल करून बसलं नव्हतं. सखुबाईच्या आधी मी तांब्या उचलला, बुडवला, प्याले.

"आज नाटक न्हाई," मी म्हणाले.

रांजण पुन्हा ओतला गेला. मुकादमानं हजेरीतून माझं नाव काढलं. घरी आई माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मला काम नव्हतं. तरी मी गेले. ओता म्हणावं. मी बुडवणार.