वहिनीचा उलटा हात

मी शिंपीण. दिवसभर कापडाला नावं ठेवणं हा माझा धंदा, आणि हात मोकळे असले की माणसांनाही ठेवते. उगाच कुणाची तारीफ करणाऱ्यांतली मी नाही. तरी सांगते, त्या परीक्षेत वहिनीच्या जागी मी असते तर पहिल्याच खेपेला परीक्षकांच्या टेबलावर पक्कड आपटून घरी आले असते. ती आपटून आली नाही, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

दादा, म्हणजे माझा भाऊ, इलेक्ट्रिशियन. खाली त्याचं दुकान, वर आमचं घर आणि मधल्या खोलीत माझं मशीन. लग्न झाल्यावर वहिनी नुसती गल्ल्यावर बसायची. मग पंखे दुरुस्त करायला लागली, आणि बघता बघता दादाच्या बरोबरीनं भिंतीला खाचा पाडून वायरी ओढायला लागली. लायसन दादाचं, निम्मं काम वहिनीचं. सगळं बरं चाललं होतं. मग दादा शिडीवरून पडला. जीव वाचला, पण उजव्या हाताची पकड गेली. चहाचा कप उचलला की निम्मा बशीत.

लायसनची मुदत वर्षअखेरीस संपत होती. ऑफिसातल्या बाईंनी गोड बोलून पण स्पष्ट सांगितलं, की अशा हातावर नूतनीकरण होणार नाही. घरात दुसऱ्या कुणी लायसनची परीक्षा पास केली तर दुकान त्यांच्या लायसनवर चालवा, नाहीतर बंद करा. दादा घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. वहिनीनं ताटं वाढली आणि म्हणाली, "वन्सं, परीक्षेचा फॉर्म कुठं मिळतो हो?"

शाळा सुटून तिला इतकी वर्षं झालेली, की पुस्तक उघडलं की जांभईच यायची. मग मी शिलाई मारता मारता प्रश्न विचारायचे, ती खाली बसून पंखा खोलता खोलता उत्तरं द्यायची.

"अर्थिंग कशासाठी करतात?"

"गळती झाली तर करंट जमिनीत जावा, माणसात नको म्हणून."

"पुस्तकात एवढं थोडक्यात नाहीये."

"मग पुस्तकाला म्हणावं, आटप!"

हसत-खिदळत, भांडत तो लेखी पेपर ती पहिल्या झटक्यात पास झाली. मी तर सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून मोकळी झाले, की आता प्रॅक्टिकल म्हणजे हिच्या हातचा मळ. माझीच जीभ काळी.

प्रॅक्टिकलला ती नापास झाली.

झालं काय, तर जोडणी चोख, मापं चोख, बोर्ड आरशासारखा. पण शेवटची जोडणी करण्याआधी तिनं मेन स्विच बंद केला आणि वायरीच्या उघड्या टोकाला हाताची उलटी बाजू टेकवून पाहिली. परीक्षक म्हणाले, "थांबा बाई. हात खाली. टेस्टर न लावता वायरीला हात लावलात, इथंच परीक्षा संपली."

ही उलट्या हाताची खोड जुन्या कारागिरांची. वायरीत करंट राहिला असेल, तर तळहात तिला घट्ट धरून बसतो, सुटत नाही. उलटा हात मात्र झटका बसून मागे फेकला जातो. म्हणून ही माणसं वायरीला आधी मागच्या बाजूनं विचारतात. दादाला त्याच्या उस्तादानं शिकवलं, दादानं वहिनीला. इतक्या वर्षांत ते तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की आपण हात लावला हे तिला परीक्षकांनी सांगितल्यावर कळलं.

हे ऐकून दादाचा तिळपापड झाला. "माझं शिकवणं चुकीचं? याच उलट्या हातानं मी निम्मं गाव उजळवलं!"

"उजळवलंस, ते ठीक," मी म्हटलं. "पण तिला नापास केलंस ना!"

तो पाय आपटत खाली गेला. वहिनी मला म्हणाली, "त्यांना बोलू नका, वन्सं. हात माझा आहे." मला रडू आलं आणि रागही आला, मी दोन्ही गिळून मशीन चालवत राहिले.

मुदत संपायच्या आत आणखी एकदाच बसता येणार होतं. तोवर तो हात सुधारायला हवा होता. पण लक्षात न येणारी खोड पकडायची कशी? दोन दिवस आम्ही तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली, पण पाळत असली की हात शहाणा आणि नजर हलली की पुन्हा वायरीवर. शेवटी मला माझाच धंदा आठवला. कापडावर खुणा करायचा निळा खडू मी किसला आणि ती पूड तिच्या बोटांच्या मागच्या बाजूला चोपडली. मशीनसमोरच्या भिंतीवर सरावाचा बोर्ड ठोकला. म्हटलं, "आता कर काम. मी बघणार नाही. नंतर वायरी बघेन."

पहिल्या दिवशी सगळ्या वायरी निळ्या. वहिनीनं कपाळावर हात मारला, तर कपाळही निळं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण दुसऱ्या आठवड्यातही निळं दिसतच राहिलं, तेव्हा हसू आटलं. चार वायरी स्वच्छ जायच्या आणि पाचवीवर डाग. एका दुपारी तिनं टेस्टर फेकला आणि मटकन खाली बसली. "नाही जमायचं मला. हात माझं ऐकतच नाही. त्यांचंच ऐकतो."

दारात दादा उभा होता. कधीपासून, कोण जाणे. तो आत आला, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मग मीच सांगतो. मी शिकवलेलं सोड. तेव्हा माझ्याकडे धड टेस्टर नव्हता, म्हणून ते शिकलो, आणि पुढे त्यातच मिरवत राहिलो. तू हातानं विचारू नकोस. आधी टेस्टर चालू पॉइंटला लाव, पेटतो का बघ. मग वायरीला लाव. मग पुन्हा चालू पॉइंटला. दर वेळी." तो तिथंच बसून राहिला आणि ती बोर्डाशी उभी राहिली की दर वेळी म्हणायचा, "आधी टेस्टरची परीक्षा, मग वायरीची." गर्विष्ठ माणूस तो, त्याला हे बोलताना काय वाटलं असेल ते मला दिसत होतं. माझा भाऊ मला त्या दिवशी फार आवडला.

हळूहळू डाग कमी झाले. मग एक दिवस एकही डाग पडला नाही, मग दुसऱ्या दिवशीही नाही.

परीक्षेला मी सोबत गेले. वर्कशॉपच्या दाराला काच होती, तिला मी नाक लावून उभी. आत वहिनीनं मेन बंद केला. टेस्टर उचलला आणि शेजारच्या चालू सॉकेटला लावला. दिवा पेटला नाही. तिनं पुन्हा लावला, तरी नाही. परीक्षक हाताची घडी घालून बघत होते. वहिनी थबकली, आणि तिचा उजवा हात वर यायला लागला. उलटा. मी काचेवर टकटक करायला बोट उचललं.

तिचा हात अर्ध्यावर थांबला. तिनं तो खाली घेतला, कमरेमागे नेला आणि डाव्या हातात घट्ट धरून ठेवला, हट्टी पोराचं मनगट धरावं तसा. मग खणखणीत आवाजात बोलली, "साहेब, हा टेस्टर बिघडलाय. दुसरा द्या, त्याशिवाय मी वायरीला हात लावणार नाही."

परीक्षकांनी खिशातून चांगला टेस्टर काढून दिला. बिघडलेला त्यांनी मुद्दामच ठेवला होता. निम्मी माणसं तिथंच अडकतात, असं त्यांनी नंतर सांगितलं. पुढचं काम वहिनीनं कसं केलं ते मला विचारू नका, माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि काच धुरकटली होती. निकाल तिथंच सांगितला. पास! मी त्या मोठ्या वर्कशॉपच्या बाहेर अशी ओरडले, की शिपाई धावत आला.

घरी आलो तेव्हा दादा दुकानाच्या दाराशी उभाच होता. वहिनीनं नुसती मान हलवली. तो आत वळला आणि पाठमोराच राहिला. तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी घरातली वीज गेली होती, मेनपाशी जळका वास येत होता. दादानं दोन्ही हातांनी फोन धरला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मेन बंद करा, कशालाही हात लावू नका. आमच्या इलेक्ट्रिशियनबाई आत्ताच आल्यात, त्यांच्याशी बोला." आणि त्यानं फोन वहिनीपुढे धरला.

वहिनीनं पदराला डोळे पुसले, फोन घेतला आणि विचारलं, "हं, पत्ता सांगा."