पहिल्याचा हक्क

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "अण्णा, आजी गेल्या." माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता ही त्याच्याकडे पोचली...

तो म्हणजे गोविंदा, माझ्या सुभद्रेचा पहिला नवरा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तापानं गेला. विधवेशी लग्न केलं म्हणून बेंगळुरच्या शिवाजीनगरातल्या आमच्या शिंपी मंडळींनी मला पंगतीला बोलावणं सोडलं. त्याचं काही वाटलं नाही. पण त्या मेलेल्या माणसावर मी जन्मभर जळलो. जिवंत असता तर भांडून मोकळा झालो असतो.

सत्तर सालानंतर सुभद्रा एका अमेरिकन बाईकडे मुलींचे फ्रॉक शिवायला जायची. ती माणसं मॉर्मन, म्हणजे एका निराळ्या ख्रिस्ती पंथाची; चहा-कॉफी वर्ज्य. बेंगळुरात राहून घरात कॉफी नाही! बाई मोडकीतोडकी कानडी बोलायची. सांगायची, घराचा कर्ता पुरुष, बाईनं घर आणि मुलं बघायची. मला फार पटलं. पुढचं सुभद्रेनं ऐकवलं, "त्यांचा कर्ता सोमवारी संध्याकाळी मुलांना घेऊन बसतो, गाणी म्हणतो. तुम्हीही बसा की स्वल्प!" तेव्हापासून सोमवारी दुकान लवकर बंद, मुलं मांडीवर, ती समोर.

एकदा सांगत आली, त्यांच्या देवळात बांधलेली लग्नगाठ मेल्यावरही सुटत नाही. म्हटलं, "मग दोन नवरे झालेलीचं काय? विचारून ये."

विचारून आली. "बाई एकालाच बांधलेली राहते म्हणे. पहिली गाठ पडली त्याला."

"आणि पुरुषाच्या दोन झाल्या तर?"

"त्याला दोघी मिळतात."

"हा कुठला न्याय?"

"आपल्याकडचा काय निराळा आहे?" म्हणाली, आणि कात्री उचलून कापड कापायला बसली.

आम्ही काही मॉर्मन नव्हे. तरी पुढे कितीदा विचारलं, तिकडे तुला कोण हवा? दर वेळी एकच, "कॉफी निवली, प्या." उत्तर न देताच गेली.

तो तिथे पंचविशीतला, डोक्यावर काळे केस. मी पोचेन तेव्हा तोंडात दात नसणार...

दुकान केव्हाच विकलं. मुलगा म्हणतो, आता कसला सोमवार? तरी दिवेलागणीला मी खुर्ची ओढून बसतो. समोरच्या तिच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही. गोविंदाचा हक्क पहिला असेल तर असू दे. सोमवारचं त्याला काही ठाऊक नाही. सोमवारी दिवे लागले की ती तिथून उठेल, पदर खोचेल, आणि तो विचारत बसेल, कुठे निघालीस?