दादाचे तळहात

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं तेही अर्धंच. शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये देवाच्या कृपेचा अनुभव सांगायची वेळ आली की मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. पाळकसाहेबांनी दोनदा माझं नाव घेतलं. दोन्ही वेळा मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा चांगला होता.

माझा थोरला भाऊ दौंडला राहायचा. रेल्वेतून निवृत्त झालेला, वहिनी गेल्यापासून एकटा. एकटा म्हणायचं, पण त्याच्याकडे पेटी होती. तिथल्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला तीस वर्षं तोच वाजवत आला. एरवी दोन वाक्यांच्या वर न बोलणारा माणूस पेटीवर बसला की मोकळा व्हायचा.

त्याला मूत्रपिंडाचा कॅन्सर झाला. एक मूत्रपिंड काढलं तरी रोग फुप्फुसात उतरला. पहिल्या गोळ्यांनी काही महिने आवरून धरला, मग स्कॅनमध्ये नवे ठिपके दिसले. पुण्याच्या डॉक्टरांनी पुढच्या दोन गोळ्यांची नावं सांगितली आणि विचार करून या म्हणाले. मी कारेगावजवळच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. माल पास की नापास, हे ठरवण्यात माझा जन्म गेला. तसाच कागद घेतला, मधोमध रेघ मारली. एका बाजूची गोळी रोगाला बहुतेक जास्त दिवस थोपवते, पण जुलाब, रक्तदाब, आणि तळहात-तळपायांची कातडी सोलून निघते. दुसरीनं तोंड येतं, साखर वाढते, कधी खोकला धरतो. हातांना ती तेवढा त्रास देत नाही, पण थोपवते कमी. दादा लांबूनच कागद बघून हसला. म्हणाला, "कंपनीत भागत न्हाई म्हणून आता माझं बी इन्स्पेक्शन लावलंस व्हय?" मी कागदाची घडी घातली. हातांची ओळ त्याला वाचून दाखवली नाही.

पुढच्या भेटीत दादा खाली रक्त द्यायला गेला होता. डॉक्टर म्हणाले, कोणती चांगली ते एका शब्दात सांगता येत नाही, माणूस बघून ठरवावं लागतं. मग त्यांनी विचारलं, "तुमचे भाऊ दिवसभर काय करतात?"

मी म्हणालो, "काही नाही. घरीच असतात."

पेटीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर डॉक्टर दुसऱ्या गोळीकडे झुकले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. वर आणखी म्हणालो, त्यांना त्रासाचं सगळं सांगू नका, घाबरतील, मी सावकाश सांगतो. दादा वर आला तेव्हा डॉक्टरांनी तरी विचारलं, काही शंका आहे का. दादा म्हणाला, "धाकट्याला समजतं सगळं." त्या रविवारी मी डोळे मिटून प्रार्थना केली, प्रभू, आता तूच वाट दाखव. हात सोलणाऱ्या गोळीचा डबा तेव्हा माझ्या पिशवीत होता.

तिसऱ्या आठवड्यात दादाचे तळहात लाल झाले, मग फोड आले. तापल्या तव्यावर हात टेकल्यागत होतंय म्हणायचा. मी त्याला सांगितलं, डॉक्टरांजवळ बोलू नकोस, डोस कमी करतील. बोल्ट ठरल्यापेक्षा ढिला आवळला की माल नापास, एवढंच मला कळत होतं. दवाखान्यातून फोन यायचा, कसं चाललंय? मी सांगायचो, उत्तम. चर्चमध्ये दादानं पेटीचा भाता फाटल्याचं सांगितलं. माझ्यासाठी तोही खोटं बोलायला लागला.

तपासणीला जायच्या सकाळी आम्ही दौंड स्टेशनवर बसलो होतो. दादानं दोन्ही हातांना ओले रुमाल गुंडाळले होते. मनमाडकडे जाणारी एक बाई, गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला म्हणून आमच्या बाकावर येऊन टेकली. माझ्याच वयाची असेल, मांडीवर भाजीची पिशवी. रुमालांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कॅन्सरच्या गोळ्या का? दावा बघू हात." दादानं लहान मुलासारखे हात पुढे केले.

"डॉक्टरला दावलं?"

दादा म्हणाला, "ह्यो म्हणतो, दावलं की गोळी कमी करत्यात."

ती माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आमच्या मालकांचं मी बी असंच लपवलं, भाऊ. गोळी कमी करून भागलं असतं, त्ये मला मागनं कळलं." तिची गाडी लागली. पिशवी उचलून ती गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

पुण्याच्या गाडीत मी दादाला सगळं सांगितलं. कागदावरची ती ओळ, आणि 'घरीच असतात' हेसुद्धा. पाटस गेलं, केडगाव गेलं, तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "इचारलं असतंस तर मी कुठली घेतली असती, मलाबी ठावं न्हाई. पन इचारायचं व्हतंस." त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही.

डॉक्टरांनी रुमाल सोडून हात बघितले. मग म्हणाले, डोस जुळवून घेणं हा उपचाराचाच भाग आहे, फोन त्यासाठीच करत होतो. काही दिवस गोळी बंद ठेवली, मलम दिलं, पुढे कमी डोसावर सुरू केली. हात निवले. दादा पुन्हा पेटीवर बसला. बोटं अडखळायची, पण लोक त्याच्यासाठी थांबून गायचे.

काही महिन्यांनी रोग पुन्हा सरकला. डॉक्टर म्हणाले, अजून एक गोळी आहे, फार आशा नाही, हातांना मात्र पुन्हा त्रास होईल. या वेळी मी कागद घेतला नाही. दादाच्या खाटेजवळ बसून दोन्ही गोष्टी जशाच्या तशा सांगितल्या आणि विचारलं, "दादा, तुला काय पायजे?"

त्यानं तळहात उलटेपालटे करून बघितले. "गोळी ऱ्हाऊ दे. पेटी हिकडं सरकव."

मी पेटी सरकवली.

त्या बाईला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मी मागितलेली वाट ती नव्हती. मला माझ्याच कागदावर देवाची सही हवी होती. मिळाले ते दादा जायच्या आधीचे काही रविवार, आणि दादाला एकदा तरी विचारायची संधी. त्यासाठी देवाचे उपकार. आता प्रार्थनेला बसलो की काय व्हावं ते देवाला सांगत नाही, हात उघडे ठेवून बसतो. ते उघडे हात बघितले की मला दादाचे तळहात आठवतात. आठवावेतच.