उतारावरचा नमस्कार

माघ शुद्ध पंचमी, सकाळ, नांदुरा. मोटारीत होतो ते असे: माझे थोरले बंधू दादा, पाठीला प्लास्टर, आडवे; त्यांच्या उशाशी वहिनी; मी नोकरीला असलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याची लॉरी चालवणारा गुलाब, स्टेअरिंगवर; आणि सामानाची जबाबदारी घेतलेला मी. पाचव्या माणसाला जागाच ठेवली नव्हती.

दादा शाळामास्तर. आदल्या पावसाळ्यात ते विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, सपाट निजायचं, एक जोराचा हिसका बसला तरी पाय कायमचे जातील. त्यानंतर दादा फारसं बोलेनासे झाले. एके दिवशी मात्र म्हणाले, "मले देवीपाशी घेऊन चाल." आमची कुलदेवी सातपुड्यात, जळगाव जामोदच्या वर, डोंगराची एक धार चढून पलीकडच्या दरीत. तिथवर बैलगाडीदेखील कशीबशी पोचते. मी साफ नाही म्हणालो. खरं सांगायचं तर देवीपेक्षा माझा डॉक्टरांवर अधिक भरवसा होता. पण दादांचं जेवण तुटलं, आणि वहिनी भरलेलं ताट मुद्दाम माझ्यासमोरून परत नेऊ लागल्या.

महायुद्ध संपून फौजेचा माल लिलावात निघाला होता. त्यातली एक जुनी मोटार जिनिंगच्या आवारात येऊन पडली होती. तिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळे, त्यामुळे चिखल, वाळू, चढ यांचं तिला काही वाटत नसे. मालकांनी ती आम्हाला वापरायला दिली. मी कामाला लागलो. शिपायांची लोखंडी बाकं उपटली. सुताराकडून सागाची फळी करून घेतली आणि ती जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर पाळण्यासारखी टांगली, म्हणजे हादरे फळीपर्यंत पोचू नयेत. बाजूंना गुंडाळता येणारी ताडपत्री, फळीखाली पाण्याची टाकी, वाळूच्या पेटीत स्टोव्ह, मागे दोर, फावडं, पेट्रोलचे डबे. पहिल्या चाचणीत फळीवर धान्याचं पोतं ठेवून वर पाण्याचा तांब्या ठेवला. पाणी सांडलं नाही, तेव्हा कुठे मला झोप लागली.

निघायच्या दिवशी सकाळी गुलाबनं पाना घेऊन चारही चाकांचे नट आवळले. डावीकडचे जरा जरा फिरले. "बरं झालं पाह्यलं, भाऊसाहेब," तो म्हणाला. मलाही बरं वाटलं. मग वहिनींनी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फुटला आणि आम्ही निघालो.

धार चढेपर्यंत सगळं ठीक होतं. पलीकडचा उतार मात्र अवघड होता. वाट जेमतेम मोटारीएवढी, डाव्या अंगाला खोल दरी, आणि खाली एक आखूड वळण. गुलाब बैलाच्या चालीनं गाडी उतरवत होता. स्टेअरिंग हातात थरथरतंय असं तो म्हणाला. दगडांमुळे असेल, असं मी म्हणालो. मागे वहिनी दोन्ही हातांनी फळी धरून बसल्या होत्या.

तेवढ्यात समोरून एक म्हातारी येताना दिसली. लुगड्याचा ओचा खोचलेला, कपाळभर कुंकू, ओटीत नारळ. तिनं दरीच्या कडेला अंग चोरून आम्हाला वाट दिली.

आमच्याकडे देवीच्या वाटेची एक रीत आहे. दर्शन घेऊन परतणारं कोणीही भेटलं, की वाहनातून उतरून त्याच्या पाया पडायचं. तो देवीला पाहून आलेला असतो. दादांनी ताडपत्रीच्या फटीतून तिला पाहिलं.

"थांबव बे गुलाब!"

"मास्तर, उतारावर? ब्रेक धरून राहा लागते."

"दादा, खाली सपाटी आली की थांबू," मी म्हणालो.

"खाली गेल्यावर ती भेटन का तुले? उतर. माह्याच्यानं वाकवत नाही, तू वाक."

मी चिडूनच उजव्या बाजूनं उतरलो. मोटारीला पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आलो, दरीकडे न पाहता म्हातारीसमोर वाकलो. हात तिच्या पायांपाशी पोचायच्या आतच माझी नजर चाकावर गेली. पुढच्या डाव्या चाकाच्या पाच नटांपैकी दोनच जागेवर होते, आणि तेही बोल्टच्या टोकाला आलेले. चाक तिरपं झालं होतं. मी तसाच ओणवा राहिलो.

"काऊन रे बापू," म्हातारी म्हणाली, "माह्या पाया पडाले आला अन् चाकाच्याच पाया पडून राह्यला का?"

"गुलाब, ब्रेक सोडू नको!" मी ओरडलो.

वहिनी उडी टाकून आल्या. त्यांनी आणि म्हातारीनं मिळून चाकांखाली मोठाले दगड लावले, तेव्हा गुलाब पाना घेऊन उतरला. त्यानं जोर लावला तसा नट आणखी सैल झाला. उजव्या चाकाचा एक काढून लावून पाहिला. तो बोल्टवर बसेचना. जॅक लावायची हिंमत नव्हती, आणि दादांना फळीवरून उतरवणं म्हणजे डॉक्टरांनी नको म्हणून बजावलेलंच करणं. दगडाखालची माती बारीक बारीक सरकत होती.

म्हातारी मोटारीच्या पायरीवर बसून, ताडपत्रीत हात घालून दादांशी बोलत होती. "घाबरू नोको मास्तर. देवी कुठी पळून नाही जाऊन राह्यली. माह्यासारखी म्हातारी दोन वेळा जाऊन आली, तुले तर मोटार हाय." दादा हसले. कित्येक महिन्यांनी मी ते हसणं ऐकलं.

मी गुलाबच्या हातून पाना घेतला, आवळू लागलो, आणि आवळता आवळताच नट माझ्या तळहातात आला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. डावीकडच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे होते, उजवीकडे फिरवलं की ते सैल होत. सकाळी आम्ही आवळले नव्हते, सोडले होते. मग मागच्या डाव्या चाकाचा एक नट काढून पुढे लावला, आणि दोन्ही चाकांचे सगळे उलट्या दिशेनं गच्च बसवले. मी उठून घाम पुसला तेव्हा म्हातारी नव्हती.

"आताच वर गेली," वहिनी म्हणाल्या. "थांबा म्हटलं तर म्हणे, घरी म्हैस वाट पाहते."

वळण आम्ही सुखरूप उतरलो. फळीसकट दादांना देवीपुढे नेलं, वहिनींनी ओटी भरली. दादा तिथे उठून चालू लागले नाहीत. पुढे प्लास्टर निघालं. आता काठी घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत जातात. ती म्हातारी कोण, हे मी कधी ठरवायला गेलो नाही. एवढंच समजतं, की मला सुचेल तेवढी काळजी मी घेतली होती, आणि वाचवलं ते मी नाइलाजानं वाकलो त्यानं. आता देवीपुढे उभा राहिलो की काही मागत नाही. माझ्याच्यानं झालं तेवढं केलं, पुढचं तुझ्याकडे, एवढं म्हणतो.

दर माघात मी त्या उतारावर उतरून पायी जातो आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पाया पडतो. परतलो की दादा विचारतात, "भेटली का?" मी नकारार्थी मान हलवतो. त्या दिवशी माझे हात तिच्या पायांपर्यंत पोचलेच नाहीत. तो नमस्कार अजून करायचा आहे.