गाव मावेल अशी लेन्स

"तेहेतीस वर्षांत लग्नातला एक माणूस कापला न्हाय मी, मग आख्खं गाव कसं कापू?"

बारामतीत, ज्ञानेशच्या कॅमेऱ्याच्या दुकानात, काउंटरवर मांडलेल्या तीन लेन्सकडे बघत बुद्धघोष हे म्हणाले, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीला, करुणाला, हसू आलं. बाबांचं बोलणं पोकळ नव्हतं. कळंबला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. वालचंदनगरपासून बावड्यापर्यंत कुठल्याही मांडवात बुद्धघोष आले की ग्रुप फोटोला वेळ लागणार हे ठरलेलं. बटण दाबण्याआधी ते डोकी मोठ्यानं मोजत. "बेचाळीस बसवली व्हती, एकेचाळीस दिसत्यात. कोण दडलंय?" मग मागच्या रांगेतून एखादी लाजरी चुलती पदर सावरत पुढं येई. नवरदेवाचा मामा असो नाहीतर वाजंत्र्यांतला शेवटचा गडी, फ्रेममध्ये आला तो पुरता यायला हवा. अर्धा कापलेला माणूस मरेपर्यंत विसरत नाही, असं ते म्हणत.

आता मोजायला माणसं नव्हती. एक गाव होतं, आणि ते वर्षातले दहा महिने पाण्याखाली असायचं.

उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा बुद्धघोष अकरा वर्षांचे होते. गाव उठलं. बरंचसं वर माळावरच्या नव्या गावठाणात जाऊन बसलं. ओढ्यापलीकडची बौद्धांची वस्ती मात्र पांगली. यांचं घर कळंबला आलं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी देवळाचं शिखर दिसे, मग वेस, मग घरांची जोती. ओढ्यापलीकडची जोती दिसायला धरण फारच आटावं लागे, कारण ती वस्ती सगळ्यात खाली, उतारावर होती. बुडताना पहिली, वर येताना शेवटची. काही वर्षं ती वर येतच नसे. यंदा आली होती.

यंदाच नव्या गावात ग्रामपंचायतीचा हॉल झाला होता. रविराज हा तरणा सरपंच मोटारसायकलवरून कळंबला येऊन सांगून गेला होता, "काका, दारासमोरच्या भिंतीवर जुन्या गावाचा फोटो लावायचाय. नऊ फुटी. तुमचा जमला तर तुमचा, न्हाय तर त्यो जुनाच मोठा करून लावू."

तो जुना फोटो गाव बुडायच्या आधी कुण्या साहेबानं काढलेला. त्यात देऊळ, चावडी, वेस, पार, सगळं होतं, आणि ओढ्यापाशी फोटो संपत होता. बुद्धघोषांची आई ताईबाई तो पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "ह्यो फोटो वढ्यापतुर आला आन दमला."

तो दमलेला फोटो नऊ फुटांचा होऊन भिंतीवर चढणार, ही कल्पनाच बुद्धघोषांना झोपू देत नव्हती. आपला फोटो रात्रीचा असणार, हे त्यांनी ठरवलं होतं. "दिवसा काढला तर गाळ दिसतो," ते म्हणाले होते. "चांदण्यांखाली काढला तर गाव दिसंल."

"हे बघा काका," ज्ञानेश एकेक लेन्स पुढं सरकवत म्हणाला. "ही सोळा ते पस्तीसची झूम. दिवसाच्या देखाव्याला झकास, पण हिचं तोंड बारीक उघडतं, अंधारात उजेड पुरत नाही. ही वीसची. तोंड मोठं, रात्रीला हिच्यासारखी नाही, पण मावतं बेताचं. आणि ही चौदाची. आकडा जितका लहान तितकं जास्त मावतं; हिच्यात आख्खी बारामती बसवा."

"आन कोपरं?"

"कोपऱ्यात थोडं ताणतं. पण कोपऱ्यात बघतंय कोण? माणूस मधी बघतो."

"आमी कोपऱ्यातच ऱ्हायलो, ज्ञानेश."

ज्ञानेश जरा गडबडला. "मग असं करा, वीसनं दोन फोटो काढा. मी जोडून देतो. शिवण दिसणार नाही."

"तुला दिसणार न्हाय," बुद्धघोष शांतपणे म्हणाले. "गावाचे दोन तुकडे व्हतेच की, आधीपासनं व्हतेच. मला एका दाबात एक गाव पायजे."

शेवटी चौदाची घेतली. आठ दिवस वापरून बघा, मग ठरवा, असं ज्ञानेश म्हणाला. जुनी ओळख होती.

अवसेच्या पहाटे बिरूच्या होडीतून बाप-लेक निघाले. बिरू मासेमारी करणारा, पाणी तळहातासारखं ओळखणारा, पण होडी ढकलताना तो कुरकुरला, "भाऊ, आवसेचं पाण्यात कोण जातं का?"

"पुनव आमची हाय, बिरू. पर चांदण्या आवसेच्या."

गाळावर उतरून बुद्धघोष सरळ चालत देवळासमोर गेले. पन्नास पावलांवर तिपाई रोवली. करुणा बॅटरी विझवून मागं उभी राहिली. दूर सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांचा पिवळट उजेड होता, बाकी सगळा काळोख, आणि त्या काळोखात दगडांचा एक जुना, ओला वास. वीस सेकंद कॅमेरा उघडा राहिला. मग मागच्या छोट्या पडद्यावर चित्र उमटलं. मधोमध शिखर, त्याच्यावर आकाशगंगा धुरासारखी चढलेली, उजवीकडं घरांची ओळ, डावीकडं वेस, चावडी, मग ओढ्याची वाळकी रेघ आणि तिच्यापलीकडं, अगदी कडेला, वस्तीची जोती. सगळं आलं होतं.

ज्यानं पाहिला त्यानं फोटो वाखाणला. रविराजनं तर फोनवरच सांगितलं, "काका, ह्योच. छापायला टाका."

राहिली ताईबाई. चौऱ्याऐंशीची म्हातारी, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. नजर पोरीबाळींपेक्षा तीक्ष्ण. करुणानं लॅपटॉप तिच्या मांडीजवळ ठेवला आणि डावा कोपरा मोठा करून दाखवला.

"ह्यो कुणाचा उंबरा?"

"आपला, आये," बुद्धघोष म्हणाले.

"आपला? ह्याच्यावर चार बाजा मावतील. आपला उंबरा हातभर व्हता." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "आन ह्या चांदण्या हायेत का पाकोळ्या? पंख फुटल्यात."

"वाईड लेन्समदी कडंला असंच ताणतं. जगात सगळीकडं ताणतं."

"जगात ताणंना का. तू हुबा कुठं व्हतास?"

"देवळाम्होरं."

"का?"

बुद्धघोषांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

करुणा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तेहेतीस वर्षं या माणसानं नवरदेवाला मधोमध बसवून दोन्ही बाजूंना माणसं लावली होती. देवळासमोर उभं राहा असं त्या पहाटे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. पाय आपोआप गेले होते. स्वतःचं घर त्यांनी स्वतःच कडेला सरकवलं होतं, आणि मग कोपरे नीट दाखवील अशी लेन्स बारामतीत शोधत बसले होते. भाकरी समोर तशीच राहिली. ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ अंगणातच एका जागी उभे राहिले, जणू उभं राहणं ही गोष्ट नव्यानं शिकायची होती.

सकाळी करुणा बारामतीला निघाली. ती तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबा, आमच्या मायक्रोस्कोपात पण कडेला नीट दिसत नाही. पण आम्ही भिंग नाही बदलत. काच सरकवतो."

"गाव कसं सरकवणार?"

"मग तुम्ही सरका."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातला कोळसा उचलला आणि शहाबादी फरशीवर एक लांबट आकृती काढली. इथं देऊळ, इथं चावडी, हा ओढा, ही वस्ती. "बाजूनं बघितलं तर गाव पसरट. म्हणून चौदा लागली." कोळसा वस्तीच्या टोकाला टेकला. "आन हितनं बघितलं तर? बैलगाडीवानी एकामागं एक. उंबरा, वढा, चावडी, देऊळ. पसरट न्हायच." ते एकदम हसले. "आये, वीस बास की!"

"मला काय कळतंय तुजं वीस आन तीस," ताईबाई म्हणाली. "पर म्या येणार."

चौदाची दुकानात परत आली तेव्हा ज्ञानेशला मात्र कोडं पडलं. "लोक वाईड घेतात आणि परत येऊन आणखी वाईड मागतात. तुम्ही उलटे."

"वाईड लेन्स काय करती सांग."

"सगळं मावून घेते."

"न्हाय. जवळचं मोठं करती आन लांबचं बारीक. मला ठावं व्हतं रं. जवळ काय ठिवायचं, एवढंच ठावं न्हवतं." त्यांनी वीसची उचलली, काच उजेडाकडं धरली, आणि पिशवीत ठेवली. करुणानं त्यांना असं ताठ मानेनं काही उचलताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

पुढची अवस जूनमधली. तोवर पश्चिमेकडून ढग यायला लागले होते, वरच्या धरणांतून पाणी सुटायची भाषा होती. हीच एक रात्र हातात होती. ताईबाई काठी घेऊन होडीत बसली तेव्हा बिरू म्हणाला, "आजे, धरून बस. कलंडली तर?"

"गाव बुडालेलं बघितलंय म्या. तुजी व्हडी काय मोठी!"

उंबरा सापडायला वेळ लागला नाही. ताईबाई गाळातून सरळ त्याच्याकडं चालत गेली आणि बसली, जशी रोज बसत असावी. आत, जिथं एके काळी चूल होती, तिथं बुद्धघोषांनी तिपाई रोवली, गुडघ्याइतकी खाली. कॅमेऱ्यापुढं आता उंबरा, त्यावर पाठमोरी म्हातारी, तिच्यापुढं ओढा, चावडी, वेस, आणि दूर टोकाला देऊळ. आकाशात ढग होते. पाऊण तास ताईबाई, बुद्धघोष आणि करुणा आभाळाकडं बघत बसली. मग वारा फिरला, आणि देवळामागून ढगांची कड उसवत गेली.

"आये, पंधरा सेकंद. हलू नगंस."

"धरणानं हलवलं तवा हलले. तुज्या पंधरा सेकंदानं काय हलायचं?"

अंधारात बुद्धघोषांनी सवयीनं मोठ्यानं मोजलं, "एक." आणि बटण दाबलं.

रविराजनं तो फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, आज्जी झ्याक आल्यात. पर देऊळ अंगठ्याएवढं झालं. पयला काय वाईट होता? आबासाहेब काय म्हणतील?" आबासाहेब गावातले सगळ्यात वडीलधारे, देवळाजवळच्या आळीतले. हॉलला जागा त्यांनीच दिलेली. त्यांना नको असलेली गोष्ट त्या भिंतीवर लागणार नव्हती.

"मग त्यास्नीच इचार," बुद्धघोष म्हणाले. "पयला मी पुसून टाकलाय."

तो पुसला गेल्याचं करुणालाही तेव्हाच कळलं.

हॉलच्या उद्‌घाटनाला दोन्हीकडची माणसं आली. नव्या गावठाणातली आणि पांगलेल्या वस्तीतली, कुणी कळंबहून, कुणी कऱ्हाटीहून. फोटो भिंतीला टेकवून उभा होता, वर कापड. शेजारी, आबासाहेबांना नवा पटला नाही तर सोय म्हणून, तो जुना फोटोही मोठा करून ठेवलेला. रविराजनं कापड ओढलं.

नऊ फुटांच्या आभाळाखाली ताईबाईची पाठ आणि तिचा हातभर उंबरा सगळ्यांत पुढं होता. त्यावरचा प्रत्येक चर दिसत होता. चांदण्या कडेपर्यंत टाचणीच्या टोकासारख्या होत्या.

आबासाहेब खुर्चीतून म्हणाले, "देऊळ लईच बारीक केलंस, बुद्धघोष."

उत्तर पहिल्या रांगेतून आलं. "बारीक केलं न्हाय, आबासायेब," ताईबाई म्हणाली. "आमच्या दारातनं तेवढंच दिसायचं. त्याच्या जवळ तुमी आमाला कुठं येऊ देत व्हता?"

आबासाहेब उठले. काठी टेकत फोटोजवळ गेले, चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा खाली घेतला. "आन आमचं घर?"

बुद्धघोष पुढं झाले. बोट न लावता दाखवलं. "हितं. ओट्याच्या तीन पायऱ्या. तिसरी फुटलेली."

"हाय की." आबासाहेब खूप वेळ वाकून बघत राहिले. "तिसरी माझ्या हातनं फुटली. घण निसटला व्हता." मग ते तिथून मागं सरकत आले, ताईबाईच्या खुर्चीला टेकेपर्यंत, आणि तिथूनच पुन्हा बघायला लागले. "सत्त्याहत्तर वर्सं झाली मला. गाव हिकडनं कवा बघितलंच न्हवतं."

रविराज घुटमळला. "मग आबा, कंचा लावायचा?"

"डोळं फुटलं का तुजं? ह्योच लाव. खिळं भक्कम ठोक. आन त्यो दुसरा कपाटात टाक, धूळ खाऊ दे."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळी गर्दी फोटोकडं लोटली. ज्याला त्याला आपलं जोतं सापडत होतं. कऱ्हाटीहून आलेल्या बायका ओरडून एकमेकींना दाखवत होत्या. आबासाहेबांच्या घरातली सिंधुबाई ताईबाईला विचारत होती, ह्या रांगेत तुमच्या शेजारी कोण व्हतं, आणि ताईबाई एकेक नाव सांगत होती, सावकाश, पंचेचाळीस वर्षांनी, भर हॉलमध्ये.

रविराजनं माइक बुद्धघोषांच्या हातात दिला. "काका, दोन शब्द बोला."

माणसं वळली. टाळ्या सुरू झाल्या. करुणा जागची उठली; आपले बाबा इतके उंच आहेत हे तिला आजवर कधी दिसलं नव्हतं. बुद्धघोषांनी माइककडं पाहिलं, समोरच्या सगळ्या तोंडांकडं पाहिलं. तिची नावं अजून सांगून संपली नव्हती; माइक त्यांनी आईच्या मांडीवर ठेवला. मग, मांडवातलं काम संपल्यावर करत तशी, कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि गर्दीनं करून दिलेल्या वाटेतून, मान ताठ ठेवून बाहेर निघून गेले.