आईने पुढे ठेवलेलं कासव

डॉक्टर मॅडमनी माझ्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्याखाली मारली, तोही ढिम्म. मी म्हणालो, "थोडं जोरात मारा." त्या हसल्या नाहीत.

"गियाँ-बारे सिंड्रोम वाटतोय," त्या म्हणाल्या. "जीबीएस म्हणतात याला. आजच अ‍ॅडमिट व्हा."

जीबीएस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. अशक्तपणा पायांपासून वर चढत जातो. मला दोन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले होते. मग तळपायांना मुंग्या आल्या. मग जुन्या जालन्यात ज्या ठोक कापडाच्या दुकानात मी काम करतो, तिथे एकदा साड्यांच्या गठ्ठ्यावर टेकलो आणि उठताच येईना. तरी मी चार दिवस घरी काढले. तुम्ही काढू नका. मुंग्या वर सरकायला लागल्या की सरळ दवाखाना गाठा.

तपासण्या झाल्या. एनसीव्ही, म्हणजे नसांमधून वीज किती वेगाने जाते ते बघणं. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण दाढ काढण्यापेक्षा सोपं गेलं. मग आयव्हीआयजी सुरू झालं. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेली प्रथिनं पाच दिवस सलाइनमधून देतात.

"किती दिवसांत हरवू आपण याला?" मी विचारलं.

"हरवायचं नाहीये," मॅडम म्हणाल्या. "औषध हल्ला थोपवतं. आजार त्याच्या वेळेने थांबेल. तोवर तुम्हाला टिकवून ठेवायचं."

हे मला अजिबात पटलं नाही. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे असा. मोबाइलवर मी राक्षसांना झुंजवायचा एक खेळ गेली कित्येक वर्षं खेळतो. सहा जणांची टीम निवडायची आणि समोरच्याच्या सहा जणांना गारद करायचं. माझे सहाच्या सहा मारकुटे. आग ओकणारे, वीज पाडणारे. बचाव करणारे राक्षस म्हणजे भित्र्या लोकांचं काम, असं माझं ठाम मत होतं. म्हणून मी हरायचोही भरपूर.

दुसऱ्या दिवशी बोटांतली ताकद गेली आणि मोबाइल छातीवर पडला. शेजारी आई बसली होती. ती कुंभार पिंपळगावहून पहिल्या गाडीने आली होती. माझी चिडचिड बघून ती म्हणाली, "सांग मला, कुठं दाबायचं ते."

मी सांगत गेलो, ती दाबत गेली. दोन लढायांनंतर तिने माझं ऐकणं बंद केलं.

"ह्यो दमलाय की रे. कशाला अजून झुंजवून राह्यलास?"

"आई, अजून एक वार, समोरचा मरतोय."

"न्हाई. सकाळी औताला जुपलेला बैल दुपारी जुपतेत का? सोड त्याला, दुसरा घे."

तिने सगळी यादी वरखाली केली आणि अडगळीतून एक शेवाळलेलं कासव काढलं. त्याचा वार म्हणजे म्हशीने शेपटी मारल्यासारखा, पण कवच असं की समोरच्याने डोकं आपटून घ्यावं. सोबत एक लोकरीचा प्राणी घेतला, जो मारत नाही, नुसता सोबत्यांच्या जखमा भरतो. कासव पुढे राहायचं, मार खायचं. त्याची ताकद निम्मी झाली की आई त्याला मागे घ्यायची आणि लोकरीवाला पुढे. मग पुन्हा ताजंतवानं कासव. बैलं बदलावीत तसं.

एक लढाई पाऊण तास चालली. बघून माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी समोरच्याचे सगळे वार संपले आणि मी तीन महिने ज्याच्याकडून हरत होतो, तो आईकडून हरला. आईने आनंद वगैरे काही दाखवला नाही. "आपल्यातल्या कुणाला लागलं तर न्हाई ना?" एवढंच विचारलं.

इकडे रोज सकाळी माझी श्वासाची परीक्षा असायची. एका दमात मोठ्याने आकडे मोजायचे. छातीचे स्नायू किती चालताहेत ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी चौतीस, दुसऱ्या दिवशी सत्तावीस. मॅडम म्हणाल्या होत्या, वीसच्या खाली आलात तर आयसीयू. आयसीयूच्या नावानेच मला घाम फुटायचा. तिथे गेलेला माणूस हरला, असं मी डोक्यात पक्कं केलं होतं.

तिसऱ्या दिवशी चौदालाच दम संपला. मी खाकरल्यासारखं केलं, मान वळवली, हळूच हवा ओढली आणि सव्वीसपर्यंत नेलं. मॅडमनी कागदावर सव्वीस लिहिलं.

आई पायथ्याशी चादर नीट करत होती. डॉक्टरांपुढे ती कधी तोंड उघडत नाही. पण बोलली.

"मॅडम, त्यानं मधी श्वास घेतला. बराबर मोजा एकदा."

मॅडमनी माझ्या पोटावर हात ठेवून पुन्हा मोजायला लावलं. चौदा. दुपारी मला आयसीयूत हलवलं. स्ट्रेचरवरून जाताना मी आईला म्हणालो, "तुला कुणी सांगितलं होतं मधे बोलायला?" तिने माझ्या अंगावरची चादर नीट केली.

संध्याकाळी माझा श्वास झपाट्याने खाली गेला. नळी घालून व्हेंटिलेटर लावला, म्हणजे श्वास घ्यायचं काम यंत्राने करायचं. घशात नळी असली की बोलता येत नाही. आईशी मी बोललेलं शेवटचं वाक्य तेच राहिलं. सहा दिवस ते माझ्या छातीवर बसून होतं.

दिवसातून दोनदा तिला थोडा वेळ आत सोडायचे. ती माझ्या कानाशी वाकून खेळाची खबर द्यायची. "आज दोन झुंजी झाल्या. आपल्यातलं कुणी पडलं न्हाई. जल्दी काही करायचं न्हाई, बिलकुल." मी डोळे मिटायचो. तेवढंच हलवता येत होतं.

मॅडम नंतर म्हणाल्या, "वॉर्डात असतात तर आम्हाला कळायला उशीर झाला असता."

सातव्या दिवशी नळी काढली. घसा सोलवटलेला. आई आत आली तेव्हा मी कसंबसं म्हणालो, "आई, चुकलं माझं."

"बोलू नको," ती म्हणाली. "दम लागंल."

पुढे तीन महिने फिजिओथेरपी, वॉकर, मग काठी. थकवा फार येतो. तो आला की थांबायचं, रेटायचं नाही. हे मला अजून जमत नाही, आईला माझ्यासाठी जमतं. तुमच्या घरात हा आजार आला, तर रुग्ण सांगतो तेवढ्यावर विसंबू नका. पायथ्याशी चादर सारखी करणाऱ्या माणसालाही विचारा.

आता महिन्यातून एकदा तपासणीला जातो. मॅडम विचारतात, "कसं आहे?" मी म्हणतो, "एकदम बरा." त्या लिहीत नाहीत, आईकडे बघतात. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता मीही आईकडे बघतो.