पाठीमागच्या तीन उशा

औरंगाबादच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "स्लिप डिस्क. दोन मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेलीय. तीन महिने व्यायाम करून बघा. नाही जमलं तर ऑपरेशन."

घाटनांदूरला माझं कापडाचं दुकान. गावात रेडीमेडचा माल येऊ लागला होता, आमचा धंदा मात्र अजून थानांवरच, कापडाच्या ताग्यांवरच होता. वीस वर्षं मांडी घालून बसलो आणि बसल्या जागेवरून कंबर वळवून थानं ओढली. एका सकाळी कळ निघाली ती थेट डाव्या टाचेपर्यंत.

दुकान भाऊ बघत होता. मला घोर होता तो पूजेचा. आम्ही लिंगायत. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ताठ बसायचं, मगच चहा. आता मी पाठीमागे तीन उशा लावून, रेलून पूजा करत होतो. मला त्याची लाज वाटायची.

व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई परदेशात 'पिलाटीज' शिकून आल्या होत्या. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी कैदेत ठेवलेल्या एका जर्मन माणसानं ही पद्धत रुजवली, असं त्यांनी सांगितलं. अंथरुणाला खिळलेल्यांना हातपाय हलवता यावेत म्हणून तो खाटांना स्प्रिंगा बांधायचा म्हणे.

"मग आपल्या स्प्रिंगा कुठायत?" मी विचारलं.

"आपल्याला सतरंजी पुरे," बाई म्हणाल्या. "उड्या नाहीत, वजनं नाहीत. श्वास सोडताना बेंबी आत घ्यायची, मग हळू पाय उचलायचा. पोटाचे आतले स्नायू बळकट झाले की कण्यावरचा भार कमी होतो."

घरी येऊन मी शहाणपणा केला. पोट आवळायचं, एवढंच डोक्यात राहिलं. कापडवाल्याला दुसरं काय सुचणार? तीन मीटर मांजरपाट फाडला आणि कमरेला करकचून गुंडाळला. फार बरं वाटलं. सतरंजी गुंडाळून ठेवली. महिन्यानं कापड सोडलं, तर नीट उभंही राहवेना.

बाई पहिल्यांदाच चिडल्या. "काम कापड करतंय. तुमचं पोट सुट्टीवर आहे."

उरले दोन महिने. बायकोनं सूत्रं हातात घेतली. रोज सतरंजीशेजारी बसून माझ्या पोटावर हात ठेवायची.

"अवो, श्वास काहून धरलाय? सोडा की! घाई न्हाई आपल्याला."

मला मात्र घाई होती. आधी टाचेची कळ गेली, मग मांडीची. हे दुखणं ज्यांना असेल त्यांना एवढंच सांगतो: डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि कंटाळा आला तरी सोडू नका.

तिसरा महिना संपत आला तेव्हा एका सकाळी पाटावर बसलो. बायकोनं सवयीनं उशा लावल्या. मी श्वास सोडला, बेंबी आत घेतली आणि लिंगाकडे बघत राहिलो. पूजा आटोपल्यावर टेकायला म्हणून मागे हात नेला. हाताला भिंत लागली.

उशा काखेत धरून ती दारात उभी होती.

"कधी काढल्यास?"

"तुमी ताठ बसलात तवाच," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.